काचगृहाचे आयुष्य
सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील पुष्पगृहात शिरताच उष्ण, दमट हवा जाणवते. वनस्पतींना जगविणारा हा दमटपणाच त्याच्या लाकडी सांगाड्याला कुजवितो. जेम्स लिक १८७६ साली निवर्तले, तेव्हा त्यांनी मागविलेले या गृहाचे भाग पेट्यांतच पडून होते. धनिक नागरिकांनी ते विकत घेऊन उद्यानास दिले. १८७९ मध्ये पुष्पगृह खुले झाले. १८८३ च्या आगीत घुमट जळाला. १९०६ चा भूकंप वास्तूने सोसला. १९९५ च्या वादळानंतर मात्र ती थेट २००३ मध्येच उघडली. मग मूळ वास्तू कोणती? पिढ्यान्‌पिढ्या उच्चार पालटूनही शब्द एकच मानला जातो. तद्वत येथे काचा व लाकूड बदलले, परंपरा टिकली. वास्तूचे ऐतिहासिकत्व द्रव्याहून अखंड दुरुस्तीत अधिक असते, असे म्हणावयास हरकत नाही.