फितीपासून पॅरामीटरपर्यंत : सीएनसी लेथच्या प्रोग्रामचा वारसा

धातूच्या कातकामात टर्नरच्या हातात असलेले कौशल्य आकड्यांत लिहून यंत्राकडे सोपवण्याची प्रक्रिया विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत सुरू झाली. हेलिकॉप्टरची पाती घडवताना जॉन पार्सन्स यांना सुचलेल्या कल्पनेला हवाई दलाने आर्थिक पाठबळ दिले आणि १९५२मध्ये एमआयटी या संस्थेत भोके पाडलेल्या कागदी फितीवरील आकड्यांनुसार चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. जपानमध्ये सेइउएमोन इनाबा यांच्या नेतृत्वाखाली फुजित्सू कंपनीत हेच काम पुढे गेले; त्यातून १९७२मध्ये फॅनुक ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि तिचे कंट्रोल, म्हणजे प्रोग्राम वाचून यंत्र चालवणारे संच, जगभरच्या लेथवर बसू लागले.

फीत कालबाह्य झाली, तरी तिच्या खुणा टिकल्या. प्रोग्रामच्या आरंभी व शेवटी येणारे टक्केचिन्ह ही मुळात फीत कोठे थांबवायची याची खूण होती, आणि स्मृतीत प्रोग्राम साठवणाऱ्या कंट्रोलची क्षमताही दीर्घकाळ फितीच्या मीटरांतच सांगितली जात असे.

प्रोग्रामच्या या लेखनपद्धतीला, म्हणजे जी-कोडला, अमेरिकेत आरएस-२७४ या मानकाने शिस्त लावली. त्याची ‘डी’ आवृत्ती १९८०मध्ये आणि आयएसओ ६९८३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८२मध्ये आले. मात्र मानकाने काही संकेत उत्पादकांच्या निवडीवर सोडले असल्यामुळे लिपी एक राहूनही बोली अनेक झाल्या. लेथपुरते पाहिले तर फॅनुकच्याच कंट्रोलवर जी-कोडच्या ए, बी आणि सी अशा तीन पद्धती आहेत. ‘बी’ पद्धतीत जी९० ही आज्ञा मापे मूळबिंदूपासून मोजण्यास सांगते, तर ‘ए’ पद्धतीत तीच आज्ञा बाह्य व्यास कातण्याचे चक्र सुरू करते. जी९२ने एका पद्धतीत स्पिंडलच्या गतीची कमाल मर्यादा ठरते, तर दुसऱ्या पद्धतीत आटे पाडले जातात.

जाडसर काप घेणाऱ्या जी७१ या चक्राचीही अशीच स्थिती आहे. दहाव्या व अकराव्या मालिकेच्या कंट्रोलवर ते एका ओळीत लिहिले जाई आणि कापाची खोली ‘डी’ या अक्षराने दिली जाई. पुढील मालिकांत त्याच्या दोन ओळी झाल्या आणि खोली पहिल्या ओळीतील ‘यू’कडे गेली, त्यामुळे जुनी ओळ नव्या कंट्रोलवर जशीच्या तशी चालत नाही. यापेक्षाही गंभीर प्रश्न दशांश चिन्हाचा आहे. जुन्या प्रथेनुसार चिन्हाविना लिहिलेले झेड-५०० म्हणजे उणे ०.५ मिलिमीटर, कारण आकडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजला जाई. कंट्रोल कॅल्क्युलेटरच्या रीतीने वाचण्यासाठी लावलेला असल्यास तोच आकडा उणे ५०० मिलिमीटर ठरतो, आणि त्या हजारपट फरकाने टूल थेट चकवर आदळू शकते.

उत्पादकांनी हा वारसा टाकून दिला नाही. पॅरामीटर, म्हणजे कंट्रोलच्या अंतर्गत वर्तनाच्या नोंदी, बदलून जी-कोडची पद्धत, दशांशाचे वाचन आणि जुने चक्रलेखन निवडण्याची सोय अनेक नव्या कंट्रोलवर ठेवलेली आहे. तथापि ही निवड त्या लेथवरील सर्वच प्रोग्रामना लागू होत असल्याने, जुन्यासाठी केलेला बदल नव्यांना घातक ठरू शकतो.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे : प्रोग्रामचा निम्मा अर्थ कागदावर असतो आणि उरलेला निम्मा तो ज्या कंट्रोलसाठी लिहिला गेला त्याच्या मांडणीत असतो. पुण्याजवळील भोसरी किंवा कोल्हापूरजवळील शिरोली यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांनाही हे तितकेच लागू पडते. प्रोग्रामबरोबर पॅरामीटरची यादी, टूलची मापे आणि शून्यबिंदूची नोंद जपली गेली, तरच निवृत्त होणाऱ्या सेटरचे, म्हणजे यंत्र कामासाठी लावून देणाऱ्या कारागिराचे, ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती सुरक्षितपणे पडेल.