जीपचे मूळ रूप

दसऱ्याला आमच्या मामांच्या घरी विळा, कोयता, पहार ह्यांच्या पंक्तीत जीपचीही पूजा होते. नाशिकच्या पश्चिमेस, गिरणाऱ्याच्या बाजूला त्यांची शेती आहे. यंदा झेंडूची माळ बांधता बांधता माझ्या मामेभावाने विषय काढला, "आबा, गाडी आता मूळ रूपात आणावी म्हणतो. डिझेल इंजिन काढू, मागची बाकडी कापू, तो वरचा आडवा गजही काढून टाकू."

मामा ओट्यावर आपट्याची पाने निवडीत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "अरे, पण मूळ म्हणजे कोणतं?"

प्रश्न साधाच होता. पण शाळामास्तराच्या डोक्यात असा प्रश्न शिरला की सहजी बाहेर पडत नाही. वाचकहो, त्याच्या मागे लागून जे हाती आले, ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवीत आहे.

जीपचा जन्म मोठ्या घाईत झाला. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या गाडीची मागणी केली. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळावा ही अट, आणि नमुना हजर करण्यास मुदत अवघी ४९ दिवसांची! बँटम नावाच्या एका लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्यास पाचारण केले. त्याने हातोहात आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. परंतु बँटमची ऐपत तोकडी. सैन्याने विलीज आणि फोर्ड ह्यांनाही कामाला लावले. विलीजचे ६० अश्वशक्तीचे इंजिन सर्वांत दमदार ठरले; तोंडावरची पत्र्याची जाळी मात्र फोर्डची पत्करली. युद्ध संपेपर्यंत ह्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. म्हणजे कल्पना एकाची, इंजिन दुसऱ्याचे, जाळी तिसऱ्याची! जन्मतःच ही तिघांच्या हातची.

युद्ध सरले आणि १९४५ साली विलीजने तिलाच शेतकऱ्याचे कपडे चढविले. मागे उघडणारे फळके आले, दिवे मोठे झाले, आणि इंजिनाच्या जोरावर शेतीची यंत्रे चालविण्याची सोय झाली. त्याच वर्षी आपल्याकडे 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तेथे ते पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. १९४७ साली ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपाने आल्या, आणि १९४९ पासून मुंबईत माझगावला जीप जोडली जाऊ लागली.

मामांच्या दारात आहे ती सी.जे.-३बी. १९५३ साली विलीजने नवे इंजिन बसविले. त्याचे काही व्हॉल्व्ह वरच्या अंगाला असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उंच केले. ह्या उंच नाकाच्या जीपला अमेरिकेने १९६८ मध्ये निरोप दिला. आपल्याकडे मात्र ती पुढे कित्येक दशके बनत राहिली. तिचे हे ओळखीचे रूपही मुळातले नव्हे. तीही अडचणीतून काढलेली वाटच!

देवळालीच्या तोफखान्यामुळे नाशिककरांना जीप नवी नव्हती. पुढे १९८१ साली येथे महिंद्रचाच कारखाना आला, आणि २०१० पासून 'थार' ह्याच शहरात बनू लागली. पण मामांच्या गाडीचा इतिहास कारखान्यात नव्हे, मिस्त्रीच्या छपरात घडला. त्यांनी ती १९७९ साली जुनीच घेतली. १९७३ नंतर पेट्रोल भडकले होते. टोमॅटोचे क्रेट बाजारात नेण्यात पैसा धुरावाटे जात होता. म्हणून डिझेल इंजिन घातले. ते जड; पुढचे पाटे बसू लागले, तेव्हा मिस्त्रीने आणखी एकेक पाटा चढविला. पुढे कंपनीनेही फ्रेंच प्यूजोच्या परवान्याचे डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. मिस्त्रीला वाट आधी सापडली होती, एवढेच!

आणि तो आडवा गज? एका आषाढात शेजारची एक सून अडली होती. रस्ता चिखलात गेलेला. पुढच्या चाकांचा गिअर टाकून मामांनी तिला नाशिकला पोचविले. बाई आणि बाळ सुखरूप राहिली. पण वाटभर तिला धरायला काही नव्हते, हे मामांच्या मनात सलत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीकडून तो गज वेल्डिंग करून घेतला. पुढे किती आजारी माणसांचे हात त्यावर घासले, त्याची गणती नाही. मध्ये रंग उडून तो गुळगुळीत झाला आहे.

आता असे फेरफार मनमानी करता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. फाजील रुंद चाके नि झगझगीत दिवे लावून मिरविणाऱ्यांना हा लगाम हवाच होता. मामांच्या इंजिनाची नोंद पुस्तकात रीतसर आहे. मिस्त्रीची नोंद मात्र कोठेच नाही.

हे सारे मी भाऊबीजेच्या आधी मामेभावाला सांगितले. तो बराच वेळ गाडीभोवती फिरला. बाकडी सडलीच आहेत, ती जातील. पत्राही नवा येईल. शेवटी त्याने खडू घेतला आणि कापायच्या भागांवर फुल्या मारल्या. गजाजवळ तो थांबला, हाताने तो एकदा पुसला, आणि खडू खिशात टाकला.

मामा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "रंग देऊ नकोस त्याला."