सुरू होताना अडलेलं युनिक्स: 'आरसी' फाइल ते इमर्जन्सी मोड

रात्री वीज गेली होती. सकाळी लॅबमधलं लिनक्स मशीन चालू केलंत, तर काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड'. खाली सूचना: देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल-डी दाबा. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "फॉरमॅट मार, नवीन टाक." तसं करू नका. त्या सूचनेमागे निदान चार दशकांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असेल तर तुमचा डेटा वाचतो.

1960च्या दशकात एमआयटीमध्ये सीटीएसएस ही प्रणाली होती. तिच्यासाठी लुई पूझाँ यांनी 'रनकॉम' लिहिलं. फाइलमधल्या आज्ञा एकामागून एक चालवायच्या, एवढंच त्याचं काम. पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये सुरुवातीच्या आज्ञांच्या फाइलला 'आरसी' नाव पडलं, ते यावरूनच. बॅशआरसीमधलं 'आरसी'ही तेच.

1979च्या सातव्या आवृत्तीत मशीन आधी एकाच वापरकर्त्यासाठी उघडायचं. चालवणारा माणूस डिस्क तपासायचा, सगळं ठीक वाटलं की कंट्रोल-डी दाबायचा. मग 'इनिट' ही पहिली प्रोसेस आरसी फाइल चालवायची आणि बाकीच्यांना दार उघडायची. म्हणजे आजची ती कंट्रोल-डीची सूचना म्हणजे जुन्या ऑपरेटरची रिकामी खुर्चीच आहे, आणि आज तिच्यावर तुम्ही बसला आहात.

डिस्क जोडायच्या आज्ञा तेव्हा आरसीतच असायच्या. 1980च्या सुमारास बर्कलीच्या बीएसडीने त्यांची वेगळी यादी केली, ती एफएसटॅब. इथे एक फरक लक्षात घ्या. साध्या शेल स्क्रिप्टमध्ये एखादी आज्ञा फसली तरी पुढची ओळ चालते. 2010मध्ये आलेलं सिस्टमडी मात्र एफएसटॅबमधली ओळ ही अट मानतं. डिस्क दिसली नाही तर साधारण 90 सेकंद वाट बघतं आणि मग अडून बसतं.

आमच्याकडे हेच झालं होतं. कुणीतरी बाहेरची डिस्क काढून नेली, तिची ओळ यादीत तशीच राहिली. मशीन बंद होईपर्यंत कुणाला पत्ताच नाही! चूक झाली एका दिवशी, दिसली कित्येक आठवड्यांनी. सुरुवातीच्या फाइलमधल्या चुका अशाच असतात.

उपाय सोपा आहे. पासवर्ड देऊन आत जा. 'जर्नलसीटीएल -एक्सबी' चालवून पहिली चूक शोधा. शेवटची नाही, कारण नंतरच्या बऱ्याचशा तिचे परिणाम असतात. 'एलएसबीएलके'ने खरोखर जोडलेल्या डिस्क बघा आणि यादीशी ताडून पाहा. एफएसटॅबची प्रत काढून ठेवा, चुकीच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका, मशीन पुन्हा सुरू करा.

आम्ही हॅशऐवजी 'नोफेल' हा पर्याय लिहिला. डिस्क नसली तरी मशीन सुरू व्हायला लागलं, सगळे खूश. पुढे एकदा डिस्क सैल झाली होती. मशीन निमूट सुरू झालं, आणि रात्रीची स्क्रिप्ट त्या डिस्कच्या नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत राहिली. मुख्य डिस्क भरली, स्क्रिप्ट बंद पडली, एका प्रयोगाची अर्धी वाचनं गेली.

तेव्हा कळलं की अडून बसणं हा सिस्टमडीचा हट्ट नव्हता. जुना ऑपरेटर जे डोळ्यांनी बघायचा, तेच ते बघत होतं. 'नोफेल' लिहून आम्ही त्या पहारेकऱ्याला सुट्टी दिली, पण त्याचं काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. आता आमची स्क्रिप्ट लिहिण्याआधी 'माउंटपॉइंट' आज्ञेने डिस्क जागेवर आहे का ते तपासते, नसेल तर थांबते.

तुम्हीही एखादी तपासणी बंद करणार असाल, तर आधी स्वतःला विचारा: ती कशासाठी होती, आणि आता ते काम कोण करणार?