रक्तातल्या कर्कपेशीचा माग

‘रक्त तपासलं की कॅन्सर कळतो’ अशी समजूत आता आमच्या राजूरपर्यंत पोहोचली आहे. रक्त-लघवी तपासणीची प्रयोगशाळा चालवत असल्याने मला याबद्दल वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्यांत मूळव्याधीचे औषध महिनोन्‌महिने घेणारेही असतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरते उत्तर शोधताना मला या कल्पनेचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचावा लागला.

१८६९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे थॉमस ॲशवर्थ या वैद्याने कर्करोगाने मरण पावलेल्या एका रुग्णाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात त्याला रुग्णाच्या गाठींमधल्या पेशींसारख्याच पेशी दिसल्या. रोग रक्तावाटे पसरत असावा, या तर्काला त्यामुळे आधार मिळाला. पुढे १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी अभ्यासून सांगितले, की बी सगळीकडे उडाले तरी रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. आमच्या अकोले तालुक्यात हे समजावून सांगावे लागत नाही. भाताला खाचर लागते, वरई डोंगरउतारावर येते. रक्तात पेशी सापडणे आणि ती कुठेतरी रुजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्या आतड्याकडून येणारे बहुतेक रक्त आधी यकृतात जाते. म्हणून हा रोग पसरतो तेव्हा बहुधा प्रथम यकृत गाठतो. सुटून आलेल्या बऱ्याच पेशी तिथेच अडकतात आणि दंडातून काढलेल्या रक्तात फार थोड्या उरतात. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. त्या गर्दीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कर्कपेशी शोधायच्या असतात.

१९५५ मध्ये डेन्मार्कच्या एच. सी. एंगेल यांनी रुग्णांच्या रक्तातील कर्कपेशींवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि या शोधाला वेग आला. शस्त्रक्रियेत गाठ हाताळल्याने पेशी उधळतात, ही भीती शल्यचिकित्सकांना होतीच. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या रूपर्ट टर्नबुल यांनी १९६७ मध्ये आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळी पद्धत मांडली: आधी रक्तवाहिन्या बांधायच्या, मगच गाठीला हात लावायचा. मात्र त्याच सुमारास पुन्हा केलेल्या तपासण्यांत आढळले, की ‘कर्कपेशी’ म्हणून नोंदलेल्या अनेक पेशी अस्थिमज्जेतल्या मोठ्या, पण निरोगी पेशी होत्या. केवळ आकार पाहून नाव दिले गेले होते. उत्साह ओसरला. सूक्ष्मदर्शकावर पोट असणाऱ्या माझ्यासारख्याने हे प्रकरण कधी विसरू नये.

मग ओळखीची खूण बदलली. आतड्याच्या अस्तरातील पेशींवर ‘एपकॅम’ नावाचे प्रथिन असते. रक्तपेशींवर ते सहसा नसते. त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे लोहाच्या सूक्ष्म कणांवर बसवून चुंबकाने पेशी ओढून घ्यायची, मग रंगद्रव्यांनी ती पांढरी पेशी नाही याची खात्री करायची, अशी ही रीत आहे. तिच्यावर आधारलेल्या ‘सेलसर्च’ चाचणीला अमेरिकेत २००४ मध्ये स्तनाच्या आणि २००७ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३० रुग्णांच्या अभ्यासात साडेसात मिलिलिटर रक्तात तीन किंवा अधिक कर्कपेशी असलेल्यांचे मध्यक आयुष्य ८.५ महिने निघाले, तर त्याहून कमी असलेल्यांचे १८.५ महिने. रोगाचा पुढचा अंदाज बांधायला हा आकडा उपयोगी आहे. पण त्याच अभ्यासात उपचारापूर्वी तीनचा आकडा गाठणारे रुग्ण सुमारे २६ टक्केच होते. म्हणजे रोग शरीरभर पसरलेला असूनही चारांपैकी जवळजवळ तिघांचा आकडा त्याखाली होता. काही कर्कपेशी एपकॅम गमावतात, त्यामुळे चुंबकाच्या हाती लागत नाहीत, हेही एक कारण.

हे काम आता आपल्याकडेही होते. पुण्याच्या ‘ॲक्टोरियस’ने ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही चाचणी तयार केली. नाशिकच्या ‘दातार कॅन्सर जेनेटिक्स’च्या स्तन-कर्करोगाच्या रक्तचाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे अंतिम मान्यता नव्हे. घोटीमार्गे आम्हाला जवळ असलेल्या शहरात असे संशोधन व्हावे, याचा अभिमान वाटतो.

तरीही सेलसर्चसारखी पेशी मोजणारी चाचणी निदान झालेल्या रुग्णाचा माग ठेवण्यासाठी आहे. तिच्यात पेशी दिसल्या नाहीत म्हणून ‘मला काही नाही’ असे मानणे धोक्याचे. आतड्याच्या कर्करोगाची शंका आली, तर दुर्बिणीने आतडे पाहणे आणि तुकडा काढून तपासणे, हाच निदानाचा मार्ग आहे. शौचातले रक्त मूळव्याधीचेच असेल असे गृहीत धरू नये. शौचाची सवय बदलली आणि ती तशीच राहिली, तर डॉक्टरांना सांगावे.

आणि एक खूण तर साध्या तपासणीतही दिसते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन कारण नसताना उतरू लागले, तर लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये. रक्त कुठून जाते आहे, ते शोधावे.