डिजिटल पुरावा : शोध आणि सिद्धता

संगणक किंवा मोबाइलमधील पुरावा शोधून काढणे वेगळे आणि तो न्यायालयात टिकवणे वेगळे. हा फरक देशभरातील तपास यंत्रणांना व वकिलांना ज्या निकालाने स्पष्ट करून दिला, त्याचे मूळ जालना जिल्ह्यात आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकर यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्याचा महत्त्वाचा पुरावा होता. मात्र चित्रीकरणाच्या प्रतींसोबत भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ही निवड रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्य पुराव्यांचाही विचार करून तो निर्णय कायम ठेवला. मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

तपासातील पहिला नियम म्हणजे मूळ साधनाला हात न लावणे. संगणक नुसता सुरू केला तरी अनेक फायलींच्या नोंदी बदलतात. म्हणून हार्ड डिस्क ‘राइट ब्लॉकर’मधून जोडून तिची तंतोतंत प्रत घेतली जाते. मूळ आणि प्रत या दोन्हींचे ‘हॅश मूल्य’ काढले जाते. ‘एसएचए-२५६’ पद्धतीत ते ६४ चिन्हांचे असते. एक अक्षर बदलले तरी संपूर्ण मूल्य बदलते. पुढचा शोध प्रतीवरच होतो.

‘एनकेस’, ‘एफटीके’ किंवा विनामूल्य ‘ऑटॉप्सी’ यांसारखी सॉफ्टवेअर त्या प्रतीतील शब्दांची सूची तयार करतात. हार्ड डिस्कवरील पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर नवी माहिती लिहिली जाईपर्यंत ती परत मिळू शकते. नव्या ‘एसएसडी’मध्ये मात्र ही शक्यता बरीच कमी असते.

मराठीत आणखी एक अडचण येते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला ‘जमीन’ हा शब्द संगणकात रोमन चिन्हांच्या संकेतांत साठवलेला असतो. त्यामुळे युनिकोडमध्ये घेतलेल्या शोधात तो सापडत नाही. मोबाइलवरील निरोप तर रोमन लिपीत, ज्याला सुचेल त्या वर्णलेखनात लिहिलेले असतात. एकाच शब्दाची सगळी रूपे शोधली नाहीत, तर पुरावा समोर असूनही हातून निसटतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असून दोन्हींत हॅश मूल्य नोंदवावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे चित्रीकरणही बंधनकारक केले आहे.

हे नियम महानगरातील सायबर कक्षापुरते नाहीत. भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावात जप्त झालेल्या मोबाइललाही ते तितकेच लागू आहेत. त्या मोबाइलवर एखाद्या शेतकऱ्याच्या फसवणुकीचा खटला उभा असेल, तर पंचनाम्याच्या वेळी घेतलेली किंवा न घेतलेली काळजीच त्याचा निकाल ठरवू शकते.