भार कोणी वाहायचा? युकुलेले आणि डाव्या हाताचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाने युकुलेलेवर का बोलावं, आणि त्यातही डावा हात कसा ठेवावा यावर? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की 'सोयीचं' म्हणजे नेमकं काय, हा जुना तात्त्विक प्रश्न आहे आणि या चार तारांच्या छोट्या वाद्यावर तो बोटांना जाणवेल इतका स्पष्ट दिसतो.

हल्ली निवृत्त माणसं आणि शाळकरी मुलं, दोघंही हे वाद्य घेतात. लहान आहे, स्वस्तात मिळतं, आणि पहिल्याच दिवशी काहीतरी वाजतं. दोन-तीन आठवड्यांत मात्र अंगठ्याचं मूळ दुखू लागतं, मनगट अवघडतं. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, अंगठा दांडीच्या मागे मधोमध हवा. दुसरा म्हणतो, छे, दांडी अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीत ठेवा. तिसरा म्हणतो, सवय होईल. शिकणारा गोंधळतो आणि शेवटी ठरवतो की दोष आपल्याच हाताचा. आपली बोटं जाड, आपलं वय झालं. वाद्य कपाटावर जातं. मला वाटतं, इतिहास नीट पाहिला तर यातली बरीच माणसं या निष्कर्षातून सुटतील.

सुरुवात अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटापासून करू. तिथे माशेत नावाचं चार तारांचं लहानसं वाद्य होतं आणि पाच तारांचं राजाँव नावाचं थोडं मोठं वाद्य होतं. माशेतला कुणी खेळणं समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या दिवाणखान्यांत त्यावर गती आणि सफाई लागणाऱ्या रचना वाजत होत्या. कांदिदु द्रुमोंद द वास्कोन्सेलुश या वादकाच्या रचनांचा १८४६ चा संग्रह उपलब्ध आहे.

२३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर होनोलुलुला लागलं. त्यात मदेराचे चारशेहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुलं होती. ही माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांवर कराराने राबायला आली होती. त्यांच्यात तीन सुतार होते, मानुएल नुनीश, औगुश्तु दियाश आणि जोझे दु एश्पिरितु सांतु. पुढे या तिघांनी होनोलुलुत फर्निचरबरोबर वाद्यंही बनवायला सुरुवात केली. स्थानिक कोआ लाकूड वापरलं. आकार साधारण माशेतचा राहिला, पण तारांची जुळणी राजाँवकडून आली. राजाँवच्या पाच तारांतली एक वगळली की उरतात त्या जी, सी, ई, ए, म्हणजे आजच्या युकुलेलेच्या चार तारा.

हा बदल आपल्या विषयाला थेट लागू होतो. या जुळणीत हाताला फार कमी काम पडतं. सी मेजर कॉर्डला एक बोट, ए मायनरला एक बोट, एफ मेजरला दोन बोटं. गाणाऱ्याला साथ द्यायची असेल तर याहून सोपं काय हवं? हवाईत या वाद्याचं मुख्य काम साथीचंच झालं. राजा कलाकौआ त्याचा मोठा आश्रयदाता. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात हुला नृत्याबरोबर युकुलेले वाजलं आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली. जाता जाता सांगतो, हाच राजा १८८१ च्या जगप्रवासात आपल्या मुंबईलाही येऊन गेला होता. युकुलेले हा शब्द 'उडी मारणारी पिसू' असा फोडून सांगतात; राणी लिलिउओकलानी मात्र त्याचा अर्थ 'इथे आलेली भेट' असा लावत असे.

आता हे वाद्य धरायचे कसे ते पाहा. बहुतेक लहान युकुलेलेंचं वजन अर्ध्या किलोपेक्षाही कमी असतं. वादक उभा असतो, गातो, कधी पावलं टाकतो. पट्टा नाही. वाद्याचं पोट उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने छातीशी हलकं दाबलेलं, आणि दुसरं टोक? ते डाव्या हाताच्या बेचकीत टेकलेलं. म्हणजे डाव्या हाताला दोन कामं आहेत, दांडी सावरायची आणि तारा दाबायच्या. साथीच्या सोप्या कॉर्डना ही विभागणी चालते. बेचकीतली पकड ही या परिस्थितीतून आलेली आहे. तिला अडाणी म्हणण्याचं कारण नाही.

मग 'अंगठा मागे' हा नियम आला कुठून? तो गिटारच्या शास्त्रीय परंपरेतून आला. फर्नांदो सोर या स्पॅनिश वादकाने १८३० मध्ये पॅरिसला आपलं गिटारवादनाचं पुस्तक काढलं. त्याचे काही समकालीन अंगठा दांडीवरून वळवून सहावी तार दाबत. सोरला हे पटत नव्हतं. अंगठा मागे, दांडीच्या रुंदीच्या मध्यावर असावा, म्हणजे बोटांना सगळ्या तारांपर्यंत मोकळेपणी पोचता येतं, असं तो कारण देऊन मांडतो. पण गिटारचा भार त्याने कुठे दिला हेही बघायला हवं. त्याने गिटार टेबलाच्या कडेला टेकवली. त्याचा मित्र दियोनिसियो आग्वादो याने तर गिटार धरायला खास तिवई तयार केली. आजचे शास्त्रीय गिटारवादक डाव्या पायाखाली छोटं पायठणं घेतात. तपशील वेगवेगळे, पण क्रम एकच दिसतो: आधी वाद्याच्या भाराची सोय आणि मग अंगठ्याचा नियम.

व्हायोलिनकडे पाहिलं तरी हेच. अठराव्या शतकात व्हायोलिनला हनुवटीचा आधार नव्हता. लेओपोल्ड मोझार्टचं प्रसिद्ध पुस्तक १७५६ चं, त्या काळात डावा हात वाद्य सावरायलाही लागे आणि हात खाली-वर सरकवणं जपून करावं लागे. सुमारे १८२० मध्ये लुई श्पोरने हनुवटीसाठी आधार बसवला आणि डावा हात बराच मोकळा झाला. आपल्याकडे बालुस्वामी दीक्षितरांपासून दाक्षिणात्य संगीताने हे वाद्य आपलंसं केलं. तिथला वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतो. हात पूर्ण सुटा, म्हणून गमकं काढता येतात. सतार शिकलेल्यांना हे सांगायला नकोच. भोपळा डाव्या पावलाशी, उजव्या हाताचा दाब त्यावर. गुरू मधूनच डावा हात काढायला सांगतात आणि दांडी जागच्या जागी राहिली पाहिजे. राहिली तरच मींड निघते.

आता युकुलेलेच्या बाबतीत गोंधळ कसा झाला ते कळेल. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या दालनाने लोकांना वेड लावलं. १९१६ मध्ये अमेरिकेतली नामांकित मार्टिन कंपनी युकुलेले विकू लागली. त्याच वर्षी होनोलुलुत नुनीशकडे शिकलेल्या सॅम्युअल कमाकाने स्वतःचा कारखाना काढला. वाद्य समुद्र ओलांडून गेलं, पण ते धरणारी माणसं सगळ्यांबरोबर गेली नाहीत. शिकायचं ते कागदावरून. अर्नेस्ट काआईचं पुस्तक १९०६ मध्येच आलं होतं. १९२० च्या दशकात गाण्यांच्या छापील स्वरलिपीवर युकुलेलेच्या कॉर्डच्या चौकटी छापल्या जाऊ लागल्या. त्यात मे सिंगी ब्रीन या वादिकेचा मोठा वाटा होता. चार उभ्या रेषा, काही आडव्या, त्यावर काळे ठिपके. आजही मोबाइलवर हेच दिसतं.

या चौकटीने लाखो लोकांना वाजवतं केलं, तिचे उपकार आहेत. पण ती फक्त बोटाचं टोक कुठे ठेवायचं ते सांगते. अंगठा, मनगट, कोपर, खांदा यांबद्दल ती गप्प आहे. समोर बसलेल्या माणसाकडून जे न बोलता मिळत होतं, ते त्या कागदावर मावलं नाही. उरलेली जागा मग लोकांनी गिटारच्या नियमांनी भरली. भार बेचकीवरच, अंगठा मात्र गिटारसारखा मागे! साहजिकच वाद्य निसटतं, निसटू नये म्हणून माणूस ते आवळतो, आणि आवळलं की दुखतं.

दुसरी गोष्ट मापाची. पडद्यांमधल्या अंतराचा एक जुना नियम व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये मांडला. हे गॅलिलिओचे वडील. तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा, उरलेल्याचा अठरावा भाग सोडून दुसरा, असं पुढे. सोप्रानो युकुलेलेची तार साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे पहिलं घर दोन सेंटिमीटरच्या आत. शास्त्रीय गिटारची तार ६५ सेंटिमीटर, तिचं पहिलं घर साडेतीनच्या पुढे. गिटारवर बोटं ताणावी लागतात, इथे ती दाटीने बसवावी लागतात. डी मेजरला तीन बोटं त्याच दुसऱ्या घरात, दोन सेंटिमीटरही नसलेल्या जागेत. तिथे एकाच बोटाने दोन किंवा तीन तारा दाबल्या तर त्यात कमीपणा नाही. आणि जाड बोटांची सबब फार ताणू नये. इझराएल कमाकाविवोओले हा हवाईचा लाडका गायक देहाने अवाढव्य होता. छोटंसं युकुलेले त्याच्या कुशीत दिसतही नसे, पण वाजायचं गोड.

मग बसावं कसं, ठेवावं कसं? तुम्हाला इथेच एक प्रयोग करायला सांगतो. डावं मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता घट्ट मूठ वळा. वळत नाही ना? आता मनगट सरळ करा आणि वळा. फरक कळला. बोटांत मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली आहेत, आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून जातात. मनगट मुरडलं की त्या दोऱ्यांची ओढ वाया जाते. म्हणून मनगट शक्य तितकं सरळ ठेवावं, आणि त्यासाठी कोपर अंगाला न चिकटवता थोडं सुटं असावं.

पुढचं सोपं आहे. बसून वाजवताना वाद्य मांडीवर टेकवा, उभ्याने वाजवायचं तर पट्टा लावायला लाजू नका. मग क्षणभर डावा हात काढून पाहा. वाद्य पडत नसेल तर अंगठा मागे नेऊ शकता. चारही तारा एका बोटाने दाबायच्या कॉर्डना आणि वरच्या पडद्यांवर जायला तो तिथेच बरा पडतो. पट्टा नसेल, साधी साथ करायची असेल, तर दांडी बेचकीत टेकू द्या. फक्त टेकू द्या, चिमटा नको. बोट पडद्याच्या लगेच मागे ठेवा, तिथे सगळ्यात कमी जोर लागतो. किती कमी? दाबलेली तार वाजवत दाब हळूहळू सोडत जा. आवाज खरखरायला लागेल त्याच्या जरा अलीकडे थांबा. एवढाच जोर पुरे. सगळं करूनही पहिलं घर दाबताना त्रास होत असेल, तर वरच्या टोकाच्या पट्टीवर तारा उंच बसल्या आहेत का ते वाद्य दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. तो दोष लाकडाचा, तुमच्या हाताचा नाही. आणि बोटांच्या टोकांची सुरुवातीची हुळहुळ वेगळी. ती काही दिवसांत जाते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात दुखलं किंवा मुंग्या आल्या तर थांबायचं. तिथे 'सवय होईल' हा सल्ला धोक्याचा आहे, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरांकडे जायचं.

शेवटी माझ्या मूळ विषयाकडे येतो. अनॅक्सागोरस म्हणे, माणसाला हात आहेत म्हणून तो सर्वांत बुद्धिमान. ॲरिस्टॉटलने ते उलटवलं: माणूस बुद्धिमान आहे, म्हणून त्याला हात मिळाले, कारण साधन त्यालाच द्यावं ज्याला ते वापरता येतं. दोघांच्या मधे एक गोष्ट राहून गेली असं मला वाटतं. हाताची बुद्धी ही हाताला काय काय सांभाळावं लागतं यावर ठरते. ज्याच्यावर भार आहे त्याला बारीक काम करायला सांगितलं तर तो ते वाईट करतो, आणि आपण त्याला नालायक ठरवतो. हे हाताबद्दल जितकं खरं, तितकं घरातल्या आणि कचेरीतल्या माणसांबद्दलही.

आपल्या पतंजलींनी आसनाबद्दल बोलताना स्थैर्य आणि सुख हे दोन गुण जोडीने मागितले, आणि ते साधण्याचा मार्ग म्हणून प्रयत्न सैल करणं सुचवलं. नुसतं सुख मागितलं तर वाद्य घसरतं, नुसतं स्थैर्य मागितलं तर हात आखडतो. दोन्ही हवं असेल तर भार मांडीला, छातीला, पट्ट्याला वाटून द्यावा लागतो. मदेराहून उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या माणसांनी दिवसभर कष्ट करून संध्याकाळी हे वाद्य हातात घेतलं, ते हाताला विसावा म्हणून. तुमच्या हातात ते शिक्षा होऊन बसलं असेल तर आधी भार कुठे आहे ते तपासा, बोटांना मागाहून बोल लावा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.