महाबळेश्वरचे पॉइंट कसे घडले

महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर उतरलं, की टॅक्सीवाल्यांचा ठरलेला प्रश्न येतो : महाबळेश्वर दर्शन, प्रतापगड दर्शन की पाचगणी दर्शन? मग गाडी एकामागून एक पॉइंट घेत सुटते. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, केट्स, लॉडविक, विल्सन आणि संध्याकाळी सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट. मुंबई-पुण्याच्या कितीतरी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्यांनी हाच फेरा केला आहे. हा फेरा इतका सवयीचा झाला आहे, की तो कधीतरी कोणीतरी घडवला, हे सहसा लक्षातच येत नाही.

या कड्यांवर माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून उभी राहत होती, पण ती कामासाठी. कोणी पहाऱ्याला, कोणी घाट चढून आल्यावर दम खायला, कोणी रान तोडायला. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं उगमस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वरला यात्रेकरू येत. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने तेराव्या शतकात इथे देऊळ बांधलं, असं मानलं जातं. जिजाऊंची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला याच क्षेत्रात झाली. खालचं जावळीचं खोरं शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून घेतलं आणि पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड उभा केला. तीन वर्षांनी अफझलखान वाईहून निघाला, तो याच डोंगरावरून रडतोंडीच्या घाटाने पारला उतरला. आज बॉम्बे पॉइंटवर जिथे मक्याची कणसं भाजली जातात, त्याच्या जवळूनच ती वाट खाली जात असे.

धावडांची आठवण तर आता कोणालाच राहिलेली नाही. हे लोक या पठारावरच्या लोहयुक्त दगडातून लोखंड गाळत. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा लागे आणि कोळशाला झाडं. पुढे जंगलाचे नियम कडक झाले, भट्ट्या विझल्या आणि धंदा बुडाला. थंड हवेचं ठिकाण होण्याआधी महाबळेश्वर हे लोखंड गाळणाऱ्यांचंही गाव होतं, ही गोष्ट कुठल्याच 'दर्शना'त सांगितली जात नाही.

इंग्रजांच्या बाजूची गोष्ट १८२४ मध्ये सुरू होते. साताऱ्याच्या फौजेतला अधिकारी पीटर लॉडविक हातात काठी घेऊन, वाघरू असलेल्या दाट रानातून वाट काढत एका सुळक्यासारख्या सोंडेच्या टोकापर्यंत पोहोचला. त्याने इथल्या हवेची महती मुंबई सरकारच्या कानी घातली. या टोकाला आधी सिडनी पॉइंट म्हणत, पुढे त्याचं नाव लॉडविक झालं. लॉडविक १८७३ मध्ये वारला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या मुलाने इथे स्तंभ उभारला. या डोंगरावर पाऊल ठेवणारा तो पहिला युरोपियन होता, असं त्यावरच्या लेखात म्हटलं आहे. शब्द अचूक आहेत, पण येणारे-जाणारे त्यातला 'युरोपियन' गाळून वाचतात आणि महाबळेश्वरचा शोधच लॉडविकने लावला, असं मुलाबाळांना सांगतात. समोर प्रतापगड दिसत असताना असं म्हणणं अन्यायाचं आहे.

लॉडविकनंतर साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी १८२६ मध्ये इथे घर बांधलं. साताऱ्याहून वर येणारा रस्ता मात्र साताऱ्याचे राजे प्रतापसिंह महाराज यांनी करून दिला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम आला आणि त्याने आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम काढलं. पुढच्याच वर्षी महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात त्यांना वाई भागातलं खंडाळा गाव मिळालं. नव्या वस्तीला माल्कमपेठ हे नाव पडलं. ज्या प्रतापसिंहांनी रस्ता दिला, जागा दिली, त्यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या त्यांच्या भावाने, आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. आज पर्यटक नावेत बसतात, तो हाच तलाव. एकाही पॉइंटला या दोन भावांपैकी कोणाचं नाव नाही.

नावं पडली ती साहेबांची आणि त्यांच्या घरच्यांची. माल्कमच्या मुलीवरून केट्स पॉइंट. सनदी नोकरीतल्या आर्थर मॅलेटने ज्या कड्यावर पहिलं घर बांधलं, ती आर्थर सीट. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा म्हणजे सिंदोळा. विसाव्या शतकात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लेस्ली विल्सनचं नाव त्याला मिळालं. केट्स पॉइंटला आधी नाकेखिंड आणि आर्थर सीटला मढीमहाल म्हणत, ही नोंद इंग्रजांच्याच गॅझेटिअरने करून ठेवली आहे. जुनी नावं टिकली ती त्यांच्याच दप्तरात, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पॉइंट पाहायचा म्हणजे तिथवर रस्ता हवा. हे रस्ते बऱ्याच अंशी कैद्यांनी केले. माल्कमपेठेत तुरुंग होता आणि त्यात सिंगापूर-पिनांगकडून आणलेले शे-सव्वाशे चिनी आणि मलय कैदी होते. त्यांनी कड्यांकडे जाणाऱ्या वाटा फोडल्या. पुढे पहारा सैल झाल्यावर त्यांनी भाजीचे मळे केले, बटाटा लावला, वेताच्या आणि बांबूच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांच्या मळ्यांजवळचा धबधबा अजून चायनामॅन फॉल म्हणून ओळखला जातो. हजारो मैलांवरून बेड्या घालून आणलेल्या या माणसांची एवढीच खूण उरली आहे. महाबळेश्वरच्या इतिहासातलं सर्वांत हृदयद्रावक पान कुठलं, असं विचारलं तर ते हेच.

मुंबईहून येणारे साहेब त्या काळी बोटीने बाणकोटला येत, सावित्रीच्या खाडीतून दासगाव-महाडपर्यंत जात आणि तिथून पालखीत बसून घाट चढत. भोयांच्या खांद्यांवर हे ठिकाण वसलं, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. मुंबईची वाट जिथून उतरायची, ती जागा बॉम्बे पॉइंट. संध्याकाळी तिथे घोडागाड्या जमत. त्या उभ्या करायला ऐसपैस जागा होती आणि बँडसाठी ओटा होता. सूर्यास्ताच्या निमित्ताने सगळ्या गावाने एका जागी गोळा व्हायचं, ही रीत तिथे पडली. आंबेनळीचा घाट १८७६ मध्ये झाला आणि पालख्यांची गरज संपली. संध्याकाळचा रिवाज मात्र साहेब गेल्यावरही सुटला नाही. पारशी, गुजराती, मराठी घरांनी तो जसाच्या तसा उचलला.

आर्थर सीटच्या कठड्याशी थोडा वेळ थांबलं, की या भूमीची रचना डोळ्यांनी वाचता येते. एका हाताला सावित्रीची दरी : उघडी, काळी, थेट कोकणात कोसळणारी. दुसऱ्या हाताला कृष्णेचं जोर खोरं, हिरवं आणि उताराचं. धारेच्या या अंगाला पडलेलं पाणी सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्राला मिळतं, त्या अंगाचं कृष्णेतून तेराशेहून अधिक किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरात जातं. दरीतून वारा इतक्या जोराने वर येतो, की खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर उडून येते. एकेकाळी लोक टोप्या टाकून ही गंमत करत. आता प्लॅस्टिकच्या बाटल्यांची बुचं टाकतात आणि जी परत येत नाहीत, ती खालच्या रानात साठतात. हा प्रकार बंद व्हायलाच हवा.

दृश्यंही तशीच राहिलेली नाहीत. केट्स पॉइंटवरून पूर्वी कृष्णेकाठची शेतं दिसत, आता धोम आणि बलकवडी या धरणांचं पाणी चमकतं. त्या पाण्याखाली कुणाच्यातरी जमिनी गेल्या आहेत. महाबळेश्वर-पाचगणीचा टापू केंद्र सरकारने २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तरी बांधकामांचा रेटा थांबलेला नाही.

पॉइंटांची नावं पुसावीत, असं मुळीच नाही. तीही इतिहासाचाच भाग आहेत. पण प्रत्येक पॉइंटवर त्या नावाशेजारी जुनं नाव, खाली उतरणारी जुनी वाट आणि रस्ता करणाऱ्या हातांचा उल्लेख असलेली मराठी पाटी गिरिस्थान नगरपरिषदेने आणि वनखात्याने लावावी. ती लागेपर्यंत आर्थर सीटला जाणाऱ्यांनी निदान वाटेत क्षेत्र महाबळेश्वरला उतरावं, पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी पाहावं आणि मगच कड्याकडे निघावं.